बारीक अक्षरांचं कारस्थान

विल्फ क्रॉशॉ बसमध्ये चढला की निम्मी बस खिसे चाचपायला लागायची. इंग्लंडमधल्या ॲक्रिंग्टन गावाच्या बसगाड्यांवर तो तिकीट तपासनीस होता, आणि नुसता तपासनीस नाही, गावाचा धाक होता. तिकीट मागायच्या आधी तो माणसाच्या तोंडाकडे बघायचा. तिकीट न काढलेला माणूस लगेच खिडकीबाहेर नजर लावायचा, नाहीतर झोपेचं सोंग घ्यायचा. "तिकीट काय कोणीही वाचेल, तोंड वाचता आलं पाहिजे," असं विल्फ म्हणायचा. लोक त्याला घार म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण त्याला ते ठाऊक होतं आणि आतून बरंही वाटायचं.

पुढे नोकरी संपली, गणवेशाचा कोट कपाटात गेला, पण संशय काही निवृत्त झाला नाही. उलट घरी बसून त्याला चांगलं खतपाणी मिळालं. बिस्किटाचा पुडा आतून रिकामा, दुधाची बाटली हलकी, शेजारच्याच्या मांजराला नक्की कोणीतरी आपल्याच वाफ्यात पाठवतंय, अशी रोज एक तक्रार. आणि गेल्या वर्षभरात तर त्याच्या हाती एक मोठं कारस्थान लागलं होतं. सगळीकडची अक्षरं बारीक होत चालली होती! वर्तमानपत्रवाले शाई वाचवत होते. सूपच्या डब्यावरचा मजकूर मुंग्यांनी लिहिल्यासारखा झाला होता. "लपवण्यासारखं असल्याशिवाय एवढं बारीक कोण छापेल?" विल्फ विचारायचा. टीव्हीवाले चित्र अंधुक करत होते, नवा टीव्ही गळ्यात मारायला. एवढंच काय, रस्त्यावरचे दिव्याचे खांबसुद्धा आताशा मधोमध वाकलेले दिसत होते.

"बघ, बघ ते," तो बायकोला दाखवायचा. "कौन्सिलनं कोणा भावोजीला कंत्राट दिलंय. वर्षभरात वाकले!"

मार्जरी खांबाकडे बघायची, मग नवऱ्याकडे बघायची. "विल्फ, एकदा डोळे दाखवून ये ना. आपल्या वयाच्यांना फुकट तपासतात."

"फुकट? कोण कोणाला काय फुकट देतं गं? चष्मे खपवायचा धंदा आहे तो. मी घार आहे, घार."

मार्जरी मग गप्प बसून बटाटे सोलायला घ्यायची. गप्प बसण्यात तिचा हात धरणारं त्या गल्लीत कोणी नव्हतं.

गाडी मात्र विल्फ रोज काढायचा. निळी, जुनी, पण आरशासारखी लख्ख ठेवलेली. मंगळवारी नातीला, एल्सीला, शाळेतून आणायचं काम त्याचं होतं, आणि त्या कामासाठी तो सोमवारपासून खुशीत असायचा. सहा वर्षांची ती पोर शेजारच्या सीटवर बसून अखंड बडबडायची आणि विल्फ साऱ्या जगावरचा राग तेवढा वेळ विसरायचा. मार्जरी हल्ली प्रत्येक मंगळवारी त्याच्याबरोबर यायला लागली होती. का, ते तिनं सांगितलं नव्हतं. ऑगस्टमध्ये बाजाराजवळ एक बाबागाडीवाली बाई झेब्रा पट्ट्यांवर एकदम पुढे आली होती, मार्जरी किंचाळली होती, आणि विल्फनं कसाबसा ब्रेक दाबला होता. "मुद्दाम घुसली! भरपाई उकळायचे धंदे आहेत हे," असं तो घरी येईपर्यंत ओरडत होता. मार्जरीनं त्या दिवशी चहासुद्धा घेतला नव्हता.

नोटीस आली ती नोव्हेंबरात. मार्जरी दुकानात गेली होती. विल्फनं भिंग घेतलं, कागद खिडकीशी नेला आणि मान एका बाजूला कलती करून, कोंबडी दाणा बघते तसा, एकेक ओळ लावली. आताशा त्याला तसंच वाचावं लागायचं. हासुद्धा छापणाऱ्यांचाच दोष.

कडेला पिवळेकाळे पट्टे होते, पोलिसांचं पत्र वाटावं म्हणून. पण पोलीसबिलीस कोणी नव्हते, होती एक खासगी कंपनी. गालिच्यांच्या दुकानासमोरच्या मोठ्या पार्किंगची देखरेख तिच्याकडे होती. म्हणणं असं, की विल्फची गाडी एका रविवारी सकाळी, दुकानं उघडायच्या आधी, त्या खासगी जागेत शिरली आणि तासाभरानं बाहेर पडली. कॅमेऱ्यानं टिपली आहे. शंभर पौंड भरा. दोन आठवड्यांत भरलेत तर निम्मे.

"निम्मे!" विल्फ रिकाम्या स्वयंपाकघरात ओरडला. "खरा दंड कधी सेलमध्ये लागतो का रे चोरांनो?"

फोटो दोन होते. हिवाळ्यातली अंधारी सकाळ, दिव्यांचे दोन गोळे आणि नंबरपाटी. आत कोण बसलंय त्याचा पत्ता नाही. आणि मग एकाएकी विल्फच्या लक्षात आलं. रविवारी सकाळी तो असतो कालव्यावर! मासे पकडणाऱ्यांच्या क्लबची मिनीबस त्याला कोपऱ्यावरून उचलते, आणि तो दुपारी परत येतो. मार्जरी चॅपलला प्रार्थनेला जाते, पायी. गाडी दाराशी उभी असते.

मग गाडी चालवत होतं कोण?

मार्जरीला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. तपासनीस कधी शिट्टी वाजवत बसमध्ये चढतो का? त्यानं नोटीस घडी करून गळाच्या पेटीत, आमिषाच्या डब्याखाली, लपवली आणि डोकं चालवायला सुरुवात केली. सोमवारी गाडीत बसताना गुडघे स्टिअरिंगवर आपटतात, हे त्याच्या लक्षात आलेलं होतं. सीट पुढे सरकलेली असायची. तो समजत होता, गॅरेजवाल्यानं पट्टी ढिली ठेवली. पण नाही. कोणीतरी बुटकं माणूस! मागचा आरसाही खाली वळलेला. आणि आत वास पेपरमिंटच्या गोळ्यांचा.

सिरिल हॅलिवेल.

शेजारी राहणारा सिरिल बुटका होता, विधुर होता, आणि चोवीस तास पेपरमिंट चघळायचा. कुंपणावरून मार्जरीला मनगटाएवढे जाड लीक, कांद्याच्या पातीचे थोरले भाऊ, द्यायचा. आणि तिला 'मार्ज' म्हणायचा! सबंध ॲक्रिंग्टनमध्ये तिला मार्ज कोणी म्हणत नव्हतं, खुद्द नवराही नाही. त्या रात्री लीकचं सूप होतं. त्यानं वाटी बाजूला सारली.

"काय झालं? आवडतं ना तुला?"

"आवडायचं," विल्फ म्हणाला.

रविवारी कालव्यावर त्यानं विषय काढला, आडून. "माझ्या ओळखीच्या एकाला नोटीस आलीय, खासगी पार्किंगची."

झालं! माशांचं राहिलं बाजूला. त्या देशात या विषयावर मत नसलेला माणूस अजून जन्मायचा आहे.

"केराच्या डब्यात टाक म्हणावं," एक जण म्हणाला. "काही करू शकत नाहीत."

"ते जुनं झालं, बाबा. आता कायदा बदलला. कोण चालवत होतं ते कळलं नाही तर ज्याच्या नावावर गाडी, त्याच्या मानगुटीवर बसतात."

"काही असो, ड्रायव्हरचं नाव सांगायचं नाही! मेलास तरी सांगायचं नाही."

"अरे, पार्किंगमधल्या नियमांच्या पाटीवर बोट ठेव म्हणावं तुझ्या ओळखीच्याला," पलीकडून क्लबचा म्हातारा खजिनदार म्हणाला. "ड्रायव्हरच्या सीटवरून पाटी वाचता आली पाहिजे. अक्षरं बारीक असली की त्यांचं सगळं बोंबललं. माझ्या मेव्हण्यानं फोटो काढून पाठवला, मुकाट्यानं नोटीस रद्द केली त्यांनी."

अक्षरं बारीक! विल्फचा चेहरा उजळला. वर्षभर जे तो घसा कोरडा करून सांगत होता, तेच.

"अरे ओळखीच्या, तुझ्या गळाचं बूच बुडालं!" खजिनदार ओरडला. "केव्हाचं बुडालंय! मासा जेवूनखाऊन गेला असेल."

विल्फनं गळ ओढला. रिकामा. पाण्यावर आज प्रकाशच असा विचित्र पडला होता की लाल बूच दिसणं शक्यच नव्हतं, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. कोणी काही बोललं नाही. ते गप्प बसणंही त्याला संशयास्पद वाटलं.

संध्याकाळी त्यानं सिरिलला कुंपणाशी गाठलं. सिरिल वाफ्यात वाकला होता.

"सिरिल, रविवारी सकाळी काय करतोस तू?"

सिरिल सरळ झाला. तोंडातली गोळी या गालातून त्या गालात गेल्याचा आवाज आला. "मी? झोपतो की."

विल्फनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. तीच ती घारीची नजर. पण सिरिलचे कान दिसले, टोपी दिसली, आणि जिथे तोंड असायला हवं तिथे नुसता राखाडी डाग. लबाड! मुद्दाम उजेडाकडे पाठ करून उभा राहिलाय, विल्फच्या मनात आलं. घाबरलेला असल्याशिवाय कोण असं करेल?

"माझ्या गाडीची नोटीस आलीय. गालिच्यांच्या दुकानाची."

"अरे देवा," सिरिल हळूच म्हणाला. मग घाईघाईनं, "हे बघ विल्फ, काही झालं तरी गाडी कोण चालवत होतं ते सांगू नकोस त्यांना."

"मलाच ठाऊक नाही, तर सांगू काय, कपाळ?"

"मग तर फारच छान!" सिरिल म्हणाला, आणि खुरपं तिथेच टाकून घरात पळाला. चांगला पळाला, सत्तरीचा माणूस.

विल्फला वाटलं होतं, खरं कळलं की राग येईल. पण राग आलाच नाही. चव्वेचाळीस वर्षांचा संसार. तो किती वेळ तिथेच लीककडे बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं नोटीस गळाच्या पेटीतून काढली आणि मार्जरीच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. माशांच्या आमिषाचा वास सुटला.

"कोट घाल. फोनही घे, फोटो काढायचाय. पाटीवरची अक्षरं बारीक आहेत, त्यावर मी यांना धरणार आहे."

मार्जरीनं कागदाकडे बघितलं. "कधी आली ही?"

"तुला नवल वाटलेलं दिसत नाही."

"कोट घालते," ती म्हणाली.

ते निघाले. वळणावर डावं चाक फुटपाथवर चढून उतरलं. "इथलासुद्धा फुटपाथ रुंद केला, बघ," विल्फ पुटपुटला. पार्किंग अर्धं रिकामं होतं. त्यानं चार पांढऱ्या रेघांवर आडवी गाडी उभी केली, बरोबर पाटीसमोर, आणि इंजिन बंद केलं.

"हं. आता ड्रायव्हरच्या जागेवरून बघ. काय दिसतं? पिवळा चौकोन. बस! त्यात काही लिहिलंय असं कोणाचा बाप म्हणेल का? काढ फोटो."

मार्जरीनं फोन काढला नाही.

"काय झालं? बोल ना. तुलाही दिसत नाही ना? नाही म्हण, साक्षीदार म्हणून तुझं नाव घालतो."

ती पाटीकडे बघत राहिली. एक 'नाही' म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. विल्फ जिंकला असता, आणि उद्या मंगळवार होता.

"'खासगी जागा,'" मार्जरी वाचायला लागली. "'पार्किंग फक्त गिऱ्हाइकांसाठी. दुकानं बंद असताना वाहन उभं करण्यास मनाई. या जागेत शिरणाऱ्यास या अटी मान्य आहेत असं समजलं जाईल.'" ती थांबली नाही. दंडाची रक्कम वाचली, तक्रारीचा पत्ता वाचला. तळाची, कंपनीच्या नोंदणीची ओळसुद्धा वाचली.

"पाठ करून आलीस तू!" विल्फ किंचाळला. "आधी येऊन पाठ केलंस!"

"मग दुसरं काही विचार."

"ती व्हॅन. तिकडची. नंबर सांग."

तिनं सांगितला. विल्फ दार उघडून बाहेर पडला. शब्दावर विश्वास ठेवायला तो काही दूधखुळा नव्हता. तो व्हॅनकडे चालत गेला, चालत गेला, आता दिसेल मग दिसेल म्हणत, शेवटी गुडघे व्हॅनला टेकले. मग वाकून, मान कलती करून, नंबरपाटीवर बोट फिरवत एकेक अक्षर लावलं. बरोबर होतं. सगळं बरोबर होतं.

परत येताना वाटेत दिव्याचा खांब होता. मधोमध वाकलेला, कौन्सिलच्या खांबांसारखाच. विल्फ थांबला. त्यानं हातमोजा काढला आणि तळवा खांबावर ठेवला. खालून वर, जिथवर हात पोचला तिथवर नेला. पुन्हा खाली आणला. लोखंड गार होतं आणि नाकासमोर सरळ होतं.

मार्जरी गाडीतून उतरून जवळ आली.

"त्या बाईनं उडी नव्हती मारली, विल्फ," ती म्हणाली. "बाबागाडीवाल्या बाईनं. ती अर्धा रस्ता ओलांडून आली होती. लाल कोट घातला होता तिनं."

"मला कोणी दिसलंच नाही," विल्फ म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदा तो खरं बोलला.

"माहितेय मला. त्या रात्री मी ठरवलं. एल्सीला आणायचं तर कोणीतरी शिकलंच पाहिजे. सिरिल शेजारी बसायचा. भीतीनं पुड्याच्या पुडा गोळ्या संपवायचा, आणि त्याच्या बाजूला ब्रेक नाही तरी पाय आपटायचा. गेल्या गुरुवारी परीक्षा पास झाले मी. दुसऱ्या खेपेला. विम्यातही नाव घातलंय."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय म्हणाला असतास?"

काय म्हणाला असता ते विल्फला शब्दन् शब्द ठाऊक होतं. म्हणाला असता, माझी गाडी लाटायचा डाव आहे.

"आणि तो दंड तर शुद्ध चोरी आहे!" मार्जरी एकदम उसळून म्हणाली. आतापर्यंत दाबून ठेवलेलं सगळं त्या कंपनीवर निघालं. "आम्ही गाडी पार्क केलीच नव्हती! तासभर गोल गोल फिरत होतो. एकदाही थांबलो नाही. थांबायची तर माझी छाती नव्हती, परत चालू व्हायची नाही म्हणून! पाटी मी पहिल्याच दिवशी वाचली होती. सिरिल म्हणाला, पार्किंगला मनाई आहे, फिरायला कुठे आहे?"

विल्फच्या घशातून एक आवाज निघाला. मार्जरीला वाटलं रडतोय. तो हसत होता, आणि डोळेही पुसत होता.

"हे लिहायचं त्यांना. असंच्या असं. आणि गाडी कोण चालवत होतं तेही घालायचं, तुझ्या नावासकट."

"सगळे म्हणतात नाव सांगायचं नसतं."

"म्हणू देत. माझी बायको या वयात गाडी शिकली, ते मी लपवू?" मग जरा थांबून, खाली बघत, "आणि डोळ्यांच्या त्या फुकटवाल्याकडेही मला नेऊन आण."

त्यानं किल्ली खिशातून काढली आणि तिच्या हातात दिली. देताना बोटं लगेच सुटली नाहीत. मार्जरीनं घाई केली नाही. मग बॉनेटवर हात टेकत टेकत तो दुसऱ्या बाजूला गेला आणि एल्सीच्या सीटवर बसला.

मार्जरीनं सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. विल्फनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तोच गाडी एक हिसका देऊन बंद पडली. दुसऱ्यांदा नीट चालू झाली. पार्किंगच्या फाटकाशी मोठा रस्ता आला. रहदारीचा आवाज येत होता. सवयीनं विल्फ पुढे झुकला, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. दोन्हीकडे मधोमध तोच राखाडी डाग.

"मोकळा आहे रस्ता?" त्यानं विचारलं.

"आहे."

"नक्की?"

"नक्की."

विल्फ मागे टेकून बसला आणि त्यानं हात मांडीवर ठेवले.

"बरं," तो म्हणाला. "तू म्हणतेस तर चल."